पंखे ऐकण्याची खोली

६ जानेवारी

ही डायरी धाकट्यानं दिली. म्हणाला, दादा, पहिल्या दिवसापासून लिहून ठेव, कंपनी मोठी झाली की लोक विचारतील सुरुवात कशी झाली. मी म्हटलं, मोठी झाली की लिहायला माणूस ठेव. पण घेतली.

तर सुरुवात अशी. माझ्या धाकट्या भावानं चांगली चाललेली नोकरी सोडली आणि लाकडाच्या वखारीमागचं जुनं गोदाम घेतलं. तिथं आम्ही पंखे करणार. छताचे नव्हेत, कॉम्प्युटरच्या पोटात फिरतात ते, तळहाताएवढे. मी जन्मभर दुसऱ्यांच्या कारखान्यात हेच केलं. आधी पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर, मग जुळणीवर, आणि शेवटची बरीच वर्षं नुसतं ऐकायचं काम. तयार पंखा कानाशी धरायचा आणि सांगायचं, पास की नापास. बेअरिंगमध्ये तेल कमी असो, पातं केसभर वाकडं असो, मला कळायचं. तिथं सगळे मला 'कान' म्हणत. कान आले का, कानांना चहा द्या. निवृत्त झालो त्या दिवशीही साहेबांनी भाषणात हेच नाव घेतलं.

आमचं गिऱ्हाईक सध्या एकच आहे. आजारी माणसाच्या उशाशी ठेवतात ती यंत्रं करणारी एक कंपनी. यंत्रात छोटा कॉम्प्युटर असतो, तो तापतो, म्हणून त्याला पंखा लागतो. त्यांची अट एवढीच की पंखा रुग्णाला ऐकू येता कामा नये. धाकट्यानं त्यांना सांगितलं, महागडी यंत्रणा आमच्याकडे नाही, पण माझा दादा आहे. त्यांनी म्हणे आधी एकमेकांकडे पाहिलं आणि मग हो म्हटलं.

आणि त्यानं माझ्यासाठी गोदामाच्या कोपऱ्यात खोली बांधली. भिंतींना, छताला, दाराच्या आतल्या अंगालासुद्धा फोमची जाड, टोकदार गादी. आत आवाज भिंतीवर आपटून परत येत नाही. आत उभं राहिलं की आपलंच बोलणं तोंडापुढे पडून गेल्यासारखं वाटतं. धाकट्यानं दार लावलं आणि विचारलं, "कशी वाटते?" मी म्हटलं, झकास. त्याला फार आनंद झाला. लहानपणी पतंग हातात दिला की असाच दिसायचा.

१५ जानेवारी

हिनं आज चहाच्या वेळी विचारलं, एवढासा पंखा ते यंत्र थंड कसं करतो. इतकी वर्षं संसार झाला आणि माझं काम काय ते आज विचारलं. मी खूश होऊन सांगत बसलो.

पंखा थंड करतच नाही. कॉम्प्युटरची चिप तापते, तिच्यावर अॅल्युमिनियमचा ठोकळा बसवलेला असतो, त्याला पातळ पातळ पत्रे, पुस्तकाची पानं उभी केल्यासारखे. उष्णता त्या पत्र्यांत चढते. त्यांच्या मधली हवा तापते आणि तिथंच बसून राहते. पंखा तिला हाकलतो आणि नवीन हवेला जागा करून देतो. हवा हलली नाही तर चिप स्वतःच्याच उष्णतेनं मरते.

मग आवाज कुठून येतो, ही म्हणाली. सगळीकडून, मी म्हटलं. पात्यांवरून हवा घसरते तिचा सों सों आवाज, तो कुणाला टळत नाही. पण मोटर ज्या काड्यांवर टांगलेली असते त्या काड्या आणि पाती सारख्याच संख्येनं असली, तर सगळी पाती एकाच क्षणी सगळ्या काड्यांसमोरून जातात आणि पंखा भुंगा होतो. म्हणून त्यांची संख्या वेगवेगळी ठेवायची. मग बेअरिंग. पितळेच्या नळीत दांडा फिरतो, मधे तेलाचा पापुद्रा. तेल आटलं की खरखर सुरू.

ती ऐकत होती. मग काहीतरी म्हणाली, मला वाटतं "मान दाखवून घ्या" असं. खरंच आहे, वाकून वाकून मान धरलीय. मी म्हटलं, मलम लावतो. ती माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली आणि कप उचलून आत गेली. बायकांचा लोभ असा अधूनमधून उफाळून येतो.

२ फेब्रुवारी

अकरावा नमुना हाती आला आणि मला पटलं की आता जमलं. आधीचे सगळे कुठं ना कुठं कुरकुरत होते. हा पूर्ण वेगात असताना फक्त वाऱ्याचा आवाज, आणि वेग कमी केला की तोही नाही. रात्री रुग्ण झोपतो तेव्हा यंत्र पंखा हळू चालवतं, म्हणून हळू वेगाचाच खरा कस. खोलीत कान टेकवून बसलो. काही म्हणजे काही नाही. पातं फिरताना दिसतंय, बोटाला वारा लागतोय, आणि आवाज शून्य. इतकी वर्षं पंखे ऐकले, पण न ऐकू येणारा पंखा हा पहिलाच.

धाकट्याला मिठी मारली. त्यानंही मारली.

घरी मात्र जरा बिनसलेलं आहे. ही हल्ली बोलताना थेट समोर येऊन उभी राहते, जाब विचारल्यासारखी, आणि आवाज चढवून बोलते. शेजारी काय म्हणत असतील. आज किटली गॅसवर ठेवून मी पेपर वाचत होतो, तर ही बाहेरून धावत आली आणि गॅस बंद केला. किटली पार आटली होती. म्हणे ती केव्हाची ओरडतेय. त्या किटलीची शिट्टी केव्हाच बिघडलीय, मी तिला सांगितलं, नवीन घेऊ.

या वर्षी समोरच्या झाडावर पाखरं आलेली नाहीत. दिसतात अधूनमधून, पण गात नाहीत. हवाच बिघडलीय.

११ फेब्रुवारी

धाकट्यानं एक नवी इंजिनिअर ठेवली आहे. हुशार आहे, गोड बोलते, पण पुटपुटते. हल्लीच्या सगळ्या मुली ओठातल्या ओठात बोलतात. आवाज मोजायचं मीटर तिनं कुठूनतरी मागून आणलं, म्हणून मी तिचं नाव मीटरबाई ठेवलं.

आज तिनं मीटर माझ्या खोलीत लावलं. पंखा हळू वेगात. पडद्यावर सपाट रेघ आणि उजवीकडे एक सुळका. "काका, हे बघा," ती म्हणाली, "इथं वरच्या पट्टीत काहीतरी आहे." मी म्हटलं, दिव्याचं असेल. तिनं दिवा बंद केला. सुळका तसाच. मग मी म्हटलं, तुझ्या मीटरचंच असेल. ती म्हणाली, पंखा बंद केला की जातो.

मी पंखा उचलून कानाला लावला. आधी उजव्या, मग डाव्या. वाऱ्याशिवाय काही नाही. तिला समजावलं की मीटरला सगळंच ऐकू येतं, माणसाला जेवढं येतं तेवढ्याशीच आपल्याला कर्तव्य. रुग्ण काय मीटर आहे?

तिनं धाकट्याला बोलावलं. तो आत येऊन उभा राहिला. मान खाली घालून बराच वेळ उभा होता. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, काही नाही. त्यानं पुन्हा पंख्याकडे पाहिलं, आणि मीटरबाईला म्हणाला, "दादा नाही म्हणतो ना. मग नाही."

याला म्हणतात विश्वास. मीटरबाईचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, मी तिला चहा पाजला. वाइंडिंगवर एक मावशी आहेत, तांब्याची तार गुंडाळतात. त्या आमच्याकडे बघत होत्या. त्यांनाही म्हटलं, मावशी, तुम्हाला काही ऐकू येतं का हो? त्या म्हणाल्या, तुम्ही पास केलंत ना काका, मग झालं.

१८ फेब्रुवारी, रविवार

लेकीचा फोन. दर रविवारी ती करते. आज मीच उचलला, ही दारात भाजी घेत होती. फोनवर खरखर फार, आवाज मधेच तुटत होता. नेहमीपेक्षा हळू बोलत होती, दमल्यासारखी. मी हं, हं म्हणत राहिलो. मग नीट कळलं ते एवढंच, की "बाबा, मी घर जोडलं." शेजारची खोली रिकामी होणार होती असं ती मागे म्हणाली होती, ती घेतलेली दिसते. दोघांना ते घर लहानच पडत होतं.

मी म्हटलं, "छान झालं. फार चांगलं केलंस. आता ऐसपैस राहा."

ती काहीच बोलली नाही. मला वाटलं फोन तुटला. तेवढ्यात ही आली, मी फोन तिच्या हातात दिला. ती ऐकत ऐकत आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मायलेकींची गुपितं चालू द्या.

जेवताना विचारलं, जावई काय म्हणतात? हिनं ताटातून मान वर केली नाही.

२१ फेब्रुवारी

ही लेकीकडे गेली. नवीन खोली लावायला मदत हवी असेल. निघताना माझ्यासमोर उभी राहून बरंच काही बोलली, डोळे भरून आले होते. मी म्हटलं, अगं चार दिवसांसाठी चाललीस, रडतेस काय. मग तिनं फळीवरचे डबे दाखवले, मीठ कुठं, चहा कुठं. मी काय आंधळा आहे?

घर फार शांत आहे. बरं वाटतं आहे खरं तर.

५ मार्च

पहिला माल गेला. खोकी भरून टेम्पो वखारीच्या दारातून बाहेर पडला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशींनी डोळ्यांना पदर लावला. धाकट्यानं खोक्यावर उभं राहून भाषण केलं. गोदामात सगळे एकदम बोलत होते, त्यामुळे मला धड काही कळलं नाही, पण मधेच सगळे माझ्याकडे वळून हसले तेव्हा मीही हसलो. माझ्याबद्दलच काहीतरी चांगलं म्हणाला असणार. नंतर मीटरबाईनं सांगितलं, तो म्हणाला की या पंख्यात दादाचे दोन्ही कान आहेत.

ती सांगताना हसत नव्हती. तिचा सुळका तिनं अजून मनातून काढलेला नाही.

हिचा अजून परतायचा पत्ता नाही. फोन करते, पण दोन वाक्यांत आटपते. फोनवर कुणाशीही बोलायचा मला कंटाळाच येतो हल्ली.

२७ मार्च

माल परत आला.

टेम्पो तोच, ड्रायव्हर तोच. खोकी उघडलेली होती आणि पुन्हा चिकटवलेली. सोबत गिऱ्हाईकाचा माणूस. त्यानं सांगितलं की रात्री यंत्रातून बारीक शिट्टी येते. लहान मुलांच्या विभागात तर मुलं कानांवर उशी घेऊन झोपतात. एका मुलानं यंत्राची वायरच उपटली, आणि नर्सला वेळेवर कळलं म्हणून निभावलं.

मी म्हटलं, शक्यच नाही. त्यांचं यंत्र वाजत असेल. धाकटा म्हणाला, खोलीत चला. तो, मीटरबाई, मावशी, गिऱ्हाईकाचा माणूस आणि मी, सगळे आत. दार लावलं. परत आलेला एक पंखा हळू वेगात लावला.

मी डोळे मिटून ऐकलं. काही नाही. डोळे उघडले तर मावशींनी एका कानावर हात ठेवलेला. गिऱ्हाईकाच्या माणसाचं तोंड आंबट झालेलं. मीटरबाई खाली बघत होती.

मी धाकट्याला विचारलं, तुला येतोय? मी पुन्हा विचारलं.

"दादा, सगळ्यांना येतोय."

मी पंखा हातात घेतला, कानाला लावला, इतका जवळ की पातं कानाच्या पाळीला लागलं आणि रक्त आलं. वारा होता. वाऱ्याखेरीज काही नव्हतं. मी मावशींना विचारलं, तुम्हाला आधीपासून येत होता? त्या म्हणाल्या, येत होता काका, पण तुम्ही पास करताय म्हटल्यावर आम्हाला वाटलं तो तसाच असायचा.

मग धाकट्याला विचारलं, तुला?

तो म्हणाला, "मला पहिल्या दिवसापासून येत होता. मला वाटलं, माझाच कान कच्चा."

त्यात राग नव्हता. रागानं बोलला असता तर मीही रागावलो असतो आणि बरं झालं असतं. गिऱ्हाईकाचा माणूस दार उघडून बाहेर गेला. आम्ही चौघं तिथं उभे होतो आणि पंखा माझ्या हातात फिरत होता. बंद कुणीच केला नाही.

२ एप्रिल

मीटरबाई मला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. धाकट्याला वेळ नव्हता, किंवा त्यानं तसं सांगितलं.

डॉक्टरांनी काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन घातले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबा. आधी जाड आवाज आले, भोंग्यासारखे, मी पटापट दाबत गेलो. मग आवाज बारीक होत गेले आणि मग थांबले. मी वाट पाहत बसलो. बराच वेळ झाला. वाटलं, तपासणी संपली, आता बोलावतील. काचेपलीकडे डॉक्टर बटणं फिरवतच होत्या. मधूनमधून माझ्याकडे बघत होत्या, मी हसलो, त्यांनी मान हलवली. मीटरबाई त्यांच्या मागे उभी होती, तिनं तोंड दुसरीकडे केलं. तेव्हा मला कळलं की तपासणी चालूच आहे.

डॉक्टरांनी कागदावर दोन रेघा काढून दाखवल्या. डावीकडे सपाट आणि उजवीकडे कड्यावरून पडल्यासारख्या. म्हणाल्या, प्रेसवर किती वर्षं होतात? कानाच्या आत अगदी बारीक केस असतात, बारीक आवाज टिपणारे, मोठ्या आवाजानं तेच आधी मरतात. वयानंही मरतात. आणि पुन्हा उगवत नाहीत. मी विचारलं, औषध? नाही. ऑपरेशन? नाही. कानात घालायचं यंत्र मिळेल, पण त्यानं आवाज मोठा होईल, स्पष्ट होईलच असं नाही. स, श, फ, क, त, थ हे उच्चार सगळे बारीक पट्टीतले, ते आता तुम्हाला चुकणार. बोलणाऱ्याचे ओठ बघत जा.

मी विचारलं, हे कधीपासून असेल? त्या म्हणाल्या, बरीच वर्षं. हळूहळू जातं, म्हणून ज्याचं जातं त्यालाच कळत नाही. घरच्यांना कळतं.

परत येताना मीटरबाई रस्ताभर माझ्या पुढ्यात वळून वळून, तोंड हलवून बोलत होती, म्हणजे मला कळावं. एका सायकलवाल्याच्या अंगावर गेली. मी तिला म्हटलं, नीट समोर बघून चाल, मला काही ऐकायचं नाहीये.

६ एप्रिल

ही परत आली. धाकट्यानं तिला फोन करून सगळं सांगितलं होतं. बॅग दारातच ठेवून माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. दिवा लावला, स्वतःच्या तोंडावर उजेड पडेल असा. मग मला आठवलं, जायच्या आधीही कित्येक महिने ती असाच दिवा लावायची.

म्हणाली, मी तुम्हाला किती वेळा सांगितलं, कान दाखवून घ्या.

मी म्हटलं, तू मान म्हणालीस. ती म्हणाली, कान. मला हसू आलं आणि तिला नाही आलं.

मग लेकीचं सांगितलं. एकेक शब्द सुटा करून. लेकीनं घर सोडलं. जोडलं नव्हतं. जावयानं हात उचलला होता, पहिल्यांदा नव्हे. ती एका मैत्रिणीकडे राहिली होती, आणि त्या रविवारी तिनं पहिला फोन इकडे केला, कारण तिला आधी मला सांगायचं होतं.

"आईला सांगितलं तर आई रडेल, बाबा शांत राहतील, असं म्हणाली ती मला," ही म्हणाली. "आणि तुम्ही म्हणालात, छान झालं, ऐसपैस राहा."

मी म्हटलं, मग तू तिला सांगितलं नाहीस की मला ऐकू येत नाही?

"सांगितलं. तिला पटतंय. पण पटलं तरी कानात तेच राहतं हो."

मी फोन घेतला आणि ठेवला. फोनवर काय करणार होतो. मेसेज लिहायला बसलो. लिहिलं, खोडलं, लिहिलं. शेवटी एवढंच पाठवलं की मला तेव्हा नीट ऐकू आलं नव्हतं, आता तुझ्या आईनं सांगितलं, तू इकडे ये. पाठवल्यावर वाटलं, किती कोरडं झालं. तिचं उत्तर आलं, 'ठीक आहे बाबा. काळजी घ्या.'

ती येणार का, हे त्यात नाही.

२५ एप्रिल

कानातलं यंत्र आलं. लावलं आणि पहिल्यांदा ताट ठेवल्याचा आवाज आला तेव्हा दचकून उभा राहिलो. सगळंच पत्र्यासारखं वाजतं. हिचं बोलणं मोठं झालंय, पण ती दुसरीच कुणी बाई असल्यासारखी वाटते. किटली वाजते. तिची शिट्टी बिघडलेली नव्हती.

आज यंत्र लावून गोदामात गेलो आणि तो पंखा ऐकला. यंत्रामुळे काहीतरी कळलं, एक कीटकासारखा, दुरून येणारा किरकिर आवाज. पण मला तो पंख्याचा वाटला नाही, कानातल्या यंत्राचाच वाटला. मीटरबाई म्हणाली, तोच आहे काका. म्हणजे आता ती सांगेल तेव्हा मी विश्वास ठेवायचा.

कारण तिनं शोधून काढलं. पंखा हळू चालवायला वीज तुकड्यातुकड्यानं द्यावी लागते, सेकंदाला हजारो वेळा चालू आणि बंद. प्रत्येक वेळी तांब्याचं वेटोळं किंचित थरथरतं आणि तीच शिट्टी. तिनं चालू-बंदचा वेग इतका वर नेला की ती शिट्टी कुठल्याच माणसाला ऐकू येणार नाही. मी म्हटलं, म्हणजे सगळ्यांना माझ्यासारखं करून टाकलंस. ती हसली, मग थांबली.

दुरुस्ती साधी होती. फेब्रुवारीत झाली असती. गिऱ्हाईकाला धाकटा नवे नमुने घेऊन भेटायला गेला तर त्यांनी दारातच सांगितलं, काम दुसऱ्याला दिलं. नमुने बघितलेही नाहीत. दुसरी गिऱ्हाइकं शोधतो म्हणून तो रोज बाहेर पडतो, पण हा धंदा लहान आहे आणि मुलाच्या वायरची गोष्ट सगळीकडे पोचली आहे. पोचताना ती वाढलीही आहे.

मावशी गेल्या, दुसरीकडे काम मिळालं. जाताना माझ्या पाया पडल्या. मला लाज वाटली.

१० मे

लेक येणार नाही. तिनं तिकडेच काम धरलंय, लहानशी खोली घेतली आहे. हिला रोज फोन करते. ही स्पीकर लावते, माझ्यासाठी. मग दोघी सावकाश, मोठ्यानं, हवापाण्याचं बोलतात. काल मी उठून अंगणात गेलो तेव्हा हिनं स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला. खिडकीतून दिसलं. तिचा चेहरा लगेच बदलला, ती भराभरा बोलायला लागली, मधेच हसलीसुद्धा.

मी आता फोन आला की अंगणात जातो.

१९ मे

गोदाम सोडायचं आहे. मीटरबाईला धाकट्यानं स्वतः ओळखीच्या कारखान्यात लावून दिलं. तो स्वतःही नोकरीवर जातोय, पूर्वीपेक्षा लहान. आज आम्ही दोघंच होतो. टेबलं गेली, वाइंडिंगचं यंत्र गेलं, राहिली ती माझी खोली. फोम कुणाला नको होता, पण मागची लोखंडी चौकट वखारवाला घेणार होता, ती उघडायची होती.

पाना लोखंडावर घासला की कानातल्या यंत्रात सुरी खुपसल्यासारखं होतं. मी ते काढून खिशात ठेवलं. आणि खरं सांगायचं तर यंत्राशिवायचं हे जग मला जास्त ओळखीचं आहे.

धाकटा आतल्या भिंतीकडे तोंड करून बसला होता, खालचे बोल्ट काढत. मी मागे उभा राहून सुटलेला फोम बाहेर टाकत होतो. अर्ध्या भिंतीला फोम अजून होता. त्या खोलीत पाठमोरा माणूस बोलला तर चांगल्या कानालाही अर्धंच येतं, कारण आवाज वळून परत येत नाही. ती तशीच बांधलेली आहे.

थोड्या वेळानं मी पाहिलं, त्याचे हात थांबलेत. खांदे हलत होते. मान मधेच वर व्हायची, मधेच खाली. तो बोलत होता. एखादं वाक्य नव्हे, बरंच, अडखळत, थांबून पुन्हा. मला त्यातला जाड भागच येत होता, भिंतीपलीकडे कुणी बोलतं तसा. एकदा 'दादा' आल्यासारखं वाटलं. मी खिशात हात घातला, यंत्र काढलं, बोटं फोमच्या भुशानं माखलेली, ते कानात बसेना. पुढे जाऊन त्याच्यासमोर बसावं असं मनात आलं. पण समोर गेलो तर तो थांबेल, हेही कळत होतं. तो पाठमोरा होता म्हणूनच बोलत होता. म्हणून मी जिथं होतो तिथंच उभा राहिलो आणि ऐकत असल्यासारखी मान हलवत राहिलो, त्याला दिसत नसताना.

मग तो थांबला. वाट बघत असावा. वळला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि तो माझ्याकडे असा बघत होता, जणू आता माझी पाळी होती.

मी म्हटलं, "काय म्हणालास?"

त्यानं माझ्या हातातलं यंत्र पाहिलं.

"काही नाही," तो म्हणाला. हे मला ओठांवरून कळलं. मग हात पुढे केला आणि बोटानं खूण केली, मोठा पाना दे.

मी दिला.